घरातील कागदपत्रांची डिजिटल टिपणवही कशी लावावी

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका पहाटे बाबांच्या छातीत दुखू लागले आणि धाकट्या भावाने त्यांना जवळच्या रुग्णालयात नेले. मी त्या दिवशी कामानिमित्त नागपूरला होतो. दाखल करून घेणाऱ्या खिडकीवर आरोग्य विम्याचा पॉलिसी क्रमांक विचारला गेला, तेव्हा भावाने मला फोन केला आणि मी त्याला माझ्या खात्याचा पासवर्ड देऊन ‘सगळे ॲपमध्ये आहे’ असे सांगितले. घरातील जवळजवळ प्रत्येक कागद मी स्कॅन करून ठेवलेला असल्यामुळे मला त्याची काळजी वाटली नाही. त्याला विम्याच्या तीन पीडीएफ फाइली सापडल्या. तिन्हींना स्कॅनरने आपोआप दिलेले आकडे हेच नाव होते. ‘‘दादा, यातली चालू कुठली?’’ या त्याच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेवटी कळले की तिन्ही जुन्या होत्या आणि चालू वर्षाची पॉलिसी माझ्या ईमेलमध्येच पडून होती. उपचार अडले नाहीत, बाबा आठवड्याभरात घरी आले; पण ज्या तासात भावाने बाबांजवळ बसायला हवे होते, तो तास त्याने माझ्या फाइली उघडून पाहण्यात घालवला.

त्यानंतर मी सगळी मांडणी मोडली आणि एकच कसोटी ठेवून ती नव्याने लावली. मी फोनवर मिळू शकत नसताना घरातल्या दुसऱ्या माणसाला हवा तो कागद पाच मिनिटांत सापडला पाहिजे, किंवा निदान तो कुठे आहे हे तरी कळले पाहिजे. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या कसोटीतून आलेले आहे.

आधी कागद, मग ॲप

ॲप फोनवर घेण्याआधी घरातील कागद एका जागी आणावेत. बहुतेक घरांत ते लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये, पलंगातल्या खणात, देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये, फ्रिजवरच्या पिशवीत आणि गावच्या घरी असलेल्या ट्रंकेत विभागलेले असतात. शनिवार-रविवार हाताशी घेऊन ते सतरंजीवर पसरावेत आणि त्यांचे विषयवार गठ्ठे लावण्याच्या मोहात न पडता प्रत्येक कागदाला एक प्रश्न विचारावा : हा हरवला तर पुन्हा मिळेल का?

या प्रश्नाने गठ्ठे आपोआप वेगळे होतात. सातबारा, आठ-अ, वीजबिल, घरपट्टीची पावती हे कागद पुन्हा सहज मिळतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा तर महाभूमीच्या संकेतस्थळावरून थोडे शुल्क भरून केव्हाही उतरवून घेता येतो. अशा कागदांच्या जुन्या प्रती जपण्यापेक्षा ते ज्यावरून काढता येतात ते क्रमांक जपणे महत्त्वाचे असते, म्हणजे गाव, तालुका, गट क्रमांक, खाते क्रमांक, विजेचा ग्राहक क्रमांक. दुसरा गठ्ठा हरवल्यास खेटे घालावे लागतील अशा कागदांचा : घराचे मूळ खरेदीखत, गृहनिर्माण संस्थेचे भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), नोंदणीकृत बक्षीसपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, पदवीची मूळ प्रमाणपत्रे. तिसऱ्या गठ्ठ्यात मुदत संपली की निरुपयोगी होणाऱ्या पावत्या आणि हमीपत्रे येतात.

दुसऱ्या गठ्ठ्यातल्या एका कागदाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण त्याची किंमत घराला उशिरा कळते. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या कोतवाल बुकाची किंवा जन्म-मृत्यू नोंदवहीची नक्कल, हाताने लिहिलेला जुना फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) हे कागद पिवळे पडलेले आणि चुरगळलेले असल्याने आवराआवरीत सर्वांत आधी फेकले जातात. महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि त्याची वैधता काढताना मात्र वडिलांकडच्या नातेवाइकांचे असे जुने पुरावेच निर्णायक ठरतात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ या तारखांच्या आधीचा पुरावा मागितला जातो. नातीच्या प्रवेशाच्या वेळी पणजोबांचा दाखला शोधत तालुक्याच्या शाळेत जाऊन जुनी रजिस्टरे चाळण्याची वेळ अनेक कुटुंबांवर येते. असा कागद हाती लागला तर तो सर्वांत आधी स्कॅन करावा, त्यावर काय लिहिले आहे ते टिपणात अक्षरशः उतरवून ठेवावे, आणि मूळ कागद पातळ सुती कापडात किंवा साध्या कागदी लिफाफ्यात ठेवावा. असे कागद आणि मुद्रांक कागदावरील दस्त लॅमिनेट करू नयेत. प्लॅस्टिक एकदा चिकटले की ते काढताना शाईही निघून येते, आणि वरून नवा शिक्का मारता येत नाही.

स्कॅन करण्याच्या क्रमात दुसरा मान दुकानांच्या पावत्यांना द्यावा. फ्रिज, मिक्सर, मोबाइल यांची बिले आता बहुधा उष्णतेने छापणाऱ्या गुळगुळीत कागदावर येतात आणि त्यांवरची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात. हमीची मुदत अजून शिल्लक असताना बिल कोरे झालेले असते.

ॲप निवडताना

वह्या, वह्यांमध्ये पाने, पानाला जोडलेल्या फाइली, टॅग आणि शोध एवढ्या सोयी असलेले कोणतेही टिपणांचे ॲप या कामाला चालते. गूगल कीप झटपट यादीसाठी उत्तम आहे, पण फाइली सांभाळण्यासाठी ते बनलेले नाही. ज्या घरात सर्वांच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टची साधने आधीपासून आहेत त्यांना वननोट सोयीचे वाटते, कारण त्याची रचनाच वही, विभाग आणि पान अशी असून पूर्ण वही घरातल्या दुसऱ्या खात्याला वाटता येते. मोफत खात्यात वनड्राइव्हची ५ जीबी जागा मिळते आणि कागदपत्रांपुरती ती पुरते. वननोटमध्ये एखाद्या विभागाला पासवर्ड लावता येतो, मात्र तो विसरला तर मायक्रोसॉफ्टसुद्धा तो विभाग उघडून देऊ शकत नाही.

मी स्वतः जॉप्लिन वापरतो. ते मुक्त स्रोत असलेले ॲप आहे, विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन या सर्वांवर चालते, आणि टिपणे ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हवर पाठवण्याआधी ती आपल्याच यंत्रावर कूटबद्ध (एन्क्रिप्ट) करण्याची सोय त्यात आहे. ही सोय सुरुवातीला बंद असते, त्यामुळे पहिले टिपण लिहिण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करावी.

निवड कोणतीही करा, पण आत शिरण्याआधी बाहेर पडण्याचा दरवाजा पाहून ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन. मोफत योजनेच्या अटी बदलू शकतात. डिसेंबर २०२३ मध्ये एव्हरनोटने मोफत खात्यासाठी ५० टिपणे आणि १ वही अशी मर्यादा घातली, तेव्हा ज्यांना आपली टिपणे बाहेर काढता येत होती त्यांची अडचण झाली नाही. घरातील कागदपत्रे वीस-तीस वर्षांचा विषय आहेत आणि कोणतेही ॲप तितके टिकेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून सुरुवातीला पाच टिपणे करून ती फाइलींसकट निर्यात करून पाहावीत आणि जोडलेल्या पीडीएफ दुसऱ्या संगणकावर उघडतात का ते तपासावे. उघडत नसतील तर दुसरे ॲप पाहावे.

वह्या कशा कराव्यात

वह्यांची नावे ठरवताना ‘आर्थिक’, ‘वैयक्तिक’, ‘शासकीय’ असे वर्ग करण्याची अनेकांना सवय असते आणि तीच पुढे अडचणीची ठरते. पॅन कार्ड आर्थिक की वैयक्तिक, याचे उत्तर ठेवणारा एक देतो आणि शोधणारा दुसरे. त्याऐवजी घरातले लोक बोलताना जसे विचारतात तशा वह्या कराव्यात : आईचे, बाबांचे, माझे, मुलीचे अशी प्रत्येक माणसाची एक, राहते घर आणि गावची जमीन अशी प्रत्येक मालमत्तेची एक, वाहनांची एक आणि ‘घरातल्या वस्तू’ म्हणून बिले-हमीपत्रांची एक. आमच्याकडे एकूण नऊ वह्या आहेत आणि त्यांत आणखी पोटवह्या केलेल्या नाहीत. एकाच कागदाचा संबंध दोघांशी येत असेल, जसे आई-बाबांचे संयुक्त खाते, तर टिपण एकाच वहीत ठेवून दुसऱ्या वहीत त्याचा दुवा द्यावा. दोन ठिकाणी नक्कल ठेवली की एक जुनी राहते.

टॅग अगदी मोजके असावेत. मी पाचच वापरतो : ‘मुदत आहे’, ‘मूळ बाहेर आहे’, ‘दुरुस्ती हवी’, ‘कर विवरण’ आणि ‘तातडी’. शेवटचा टॅग त्या पहाटेनंतर आला. आरोग्य विमा, रक्तगट, नेहमीची औषधे आणि डॉक्टरांचा फोन एवढीच टिपणे त्यात आहेत आणि ती सर्वांच्या फोनमध्ये पहिल्या पानावर लावलेली आहेत.

टिपण कसे लिहावे

स्कॅन जोडण्याआधी टिपण लिहावे. हा क्रम क्षुल्लक वाटतो, पण सगळे काम त्यावर उभे आहे. स्कॅन आधी जोडला की काम झाले असे वाटून लिहिणे राहून जाते, आणि मग आकड्यांच्या नावाच्या फाइली उरतात. टिपणाची पहिली ओळ नेहमी मूळ कागद कुठे आहे याची असावी. आमच्या राहत्या घराचे टिपण असे आहे :

‘मूळ खरेदीखत : गृहकर्ज देणाऱ्या बँकेकडे, कर्ज फिटेपर्यंत तिथेच. त्याची पोच आपल्याकडे, निळी फाइल, कप्पा १.
भागपत्र : तेही बँकेकडे. छायाप्रत निळी फाइल, कप्पा १.
इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा गोषवारा) : निळी फाइल, कप्पा २. निळी फाइल लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये, किल्ली आईकडे.
नावे : बाबा आणि आई, संयुक्त.
दस्त क्रमांक, नोंदणीची तारीख, दुय्यम निबंधक कार्यालय : खालच्या स्कॅनच्या पहिल्या पानावर उजवीकडे वर, इथेही लिहिले आहे.
कर्ज केव्हा फिटेल : मार्च २०२९. फिटल्यावर मूळ कागद मोजून परत घ्यायचे. यादी पोचपावतीवर आहे.
शेवटचे तपासले : दिवाळी.’

यातली पोचपावतीची ओळ मी मुद्दाम जपून ठेवली आहे. गृहकर्जासाठी बँकेकडे दिलेल्या मूळ कागदांची यादी अनेकांकडे नसते आणि वीस वर्षांनी कर्ज फिटल्यावर काय परत यायला हवे हे कोणालाच सांगता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यानंतर ३० दिवसांच्या आत मालमत्तेचे मूळ कागद परत करणे बंधनकारक आहे आणि बँकेच्या कारणाने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा हक्क वापरायचा तर कोणते कागद दिले होते हे आपल्याला माहीत असले पाहिजे. पोच सापडत नसेल तर कर्ज चालू असतानाच बँकेकडे लेखी यादी मागावी.

जमिनीच्या टिपणात सातबारा जोडण्यापेक्षा फेरफार क्रमांकांची साखळी लिहून काढणे अधिक उपयोगी पडते. आजोबांच्या नावावरून बाबांच्या नावावर वारस नोंद कोणत्या फेरफाराने झाली, मधल्या वाटणीचा फेरफार कोणता, कर्जाचा बोजा चढला आणि उतरला तो कोणत्या क्रमांकाने, हे एका परिच्छेदात मांडले की तलाठी कार्यालयात किंवा वकिलाकडे बोलणे सोपे होते. ही माहिती बहुधा घरातल्या एकाच ज्येष्ठ माणसाला तोंडपाठ असते. तो सांगत असताना फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून टिपणाला जोडावा आणि नंतर सवडीने लिहून काढावा. बाबांनी जमिनीविषयी सांगितलेली चाळीस मिनिटे आमच्या वहीत आहेत आणि त्यात कोणत्याही कागदावर नसलेल्या विहिरीच्या पाळीचाही उल्लेख आहे.

बँक खाती आणि गुंतवणुकींच्या टिपणात नामनिर्देशन कोणाचे आहे ते लिहावेच. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यासाठी चारपर्यंत व्यक्तींचे नामनिर्देशन करता येते, त्यामुळे जुनी नोंद एकाच नावाची असेल तर ती पुरेशी आहे का याचा विचार याच निमित्ताने करता येतो. नामनिर्देशित व्यक्तीला पैसे स्वीकारण्याचा अधिकार मिळतो, पण वारसाहक्क त्याने ठरत नाही, हेही त्या टिपणात एका वाक्यात लिहून ठेवल्यास पुढचे गैरसमज टळतात.

नावांचा तक्ता

प्रत्येक माणसाच्या वहीत पहिले टिपण ‘नाव कुठे कसे आहे’ याचे करावे. मराठी घरांत हा प्रश्न हटकून येतो. आईचे शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे, पॅनवर मधल्या नावाचे फक्त आद्याक्षर, बँकेत रोमन लिपीतले एक अक्षर वेगळे. ‘लक्ष्मण’ किंवा ‘ज्ञानेश्वर’ यांची रोमन स्पेलिंगे तर प्रत्येक कार्यालयाने आपापल्या परीने केलेली असतात. तक्त्यात एका बाजूला कागदाचे नाव आणि दुसऱ्या बाजूला त्यावर छापलेले नाव, जन्मतारीख व पत्ता अक्षरशः उतरवावा. मनाने शुद्ध करू नये. चूक असेल तर चुकीसकट उतरवावे आणि ‘दुरुस्ती हवी’ हा टॅग लावावा.

आमच्याकडे हा तक्ता लिहिताना आईच्या दोन कागदांवर जन्मवर्ष वेगळे असल्याचे लक्षात आले. ती दुरुस्ती निवांतपणे, कोणतीही घाई नसताना करून घेता आली. तीच गोष्ट निवृत्तिवेतनाच्या वेळी उघडकीला आली असती तर तिला किती धावपळ झाली असती, हे मी नेहमी मनात आणतो. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम आहे. एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या भावंडांची नावे त्यामुळे वेगळ्या धर्तीवर लिहिली जातील आणि या तक्त्याची गरज वाढेल. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा मानला जात असल्याने तो हाती येताच त्यातले प्रत्येक अक्षर तपासून घ्यावे.

देवनागरीतून शोधताना

मराठीत लिहिलेली टिपणे शोधात न सापडण्याची काही ठरावीक कारणे आहेत. आकडे देवनागरीत लिहिले आणि शोध इंग्रजी आकड्यांनी घेतला की अनेक ॲपना ते वेगळे वाटतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणून टाइप होते आणि ‘अ’वर चंद्र जोडूनही होते, डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात, शोधाला मात्र सारखी वाटतीलच असे नाही. ‘ऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’चेही तसेच, तो प्रत्येक कळफलक आपल्या पद्धतीने घालतो. शिवाय एकच माणूस कधी ‘सातबारा’, कधी ‘सात-बारा’ आणि कधी ‘७/१२’ लिहितो.

यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा की प्रत्येक टिपणाच्या शेवटी ‘शोधशब्द’ अशी एक ओळ लिहावी आणि त्यात त्या कागदाची घरात प्रचलित असलेली सर्व नावे घालावीत. आमच्या आईसाठी गॅसचे कागद म्हणजे ‘शेगडीचे पुस्तक’ आहे, म्हणून त्या ओळीत ‘शेगडी’ आहे. भाऊ रोमन लिपीतच टाइप करतो, म्हणून तोही शब्द तिथे आहे. क्रमांक मात्र मी इंग्रजी आकड्यांत लिहितो, कारण ते संकेतस्थळांवर जसेच्या तसे चिकटवावे लागतात. चित्रातला मजकूर वाचून शोधण्याची सोय काही ॲपमध्ये असली तरी हस्तलिखित मोडी किंवा जुन्या बाळबोध अक्षरासाठी तिच्यावर विसंबू नये.

स्कॅन आणि फाइली

स्कॅनसाठी वेगळे यंत्र लागत नाही. आयफोनच्या नोट्समध्ये आणि अँड्रॉइडवरच्या गूगल ड्राइव्हमध्ये कागद स्कॅन करण्याची सोय असतेच. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, गडद चादरीवर कागद ठेवून स्कॅन घ्यावा आणि मागची बाजू कोरी वाटली तरी तीही घ्यावी, कारण भागपत्राच्या मागे हस्तांतराच्या नोंदी असतात आणि जुन्या दाखल्यांच्या मागे शिक्के. फाइलचे नाव रोमन लिपीत, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख पुढे ठेवून द्यावे. देवनागरी नावाची फाइल अनेक शासकीय संकेतस्थळे स्वीकारत नाहीत. त्याच संकेतस्थळांवर फाइल काही शे केबींच्या आत लागते, म्हणून नेहमी लागणाऱ्या सात-आठ कागदांची स्वच्छ मोठी प्रत आणि लहान केलेली प्रत अशा दोन्ही एकाच टिपणात ठेवाव्यात.

डिजिटल स्वाक्षरी असलेल्या कागदाचा नियम वेगळा आहे. डिजिटल सातबारा, आपले सरकारवरून मिळालेला दाखला किंवा ई-पॅन छापून पुन्हा स्कॅन केला की त्यातली स्वाक्षरी तपासता येत नाही आणि तो साधे चित्र होऊन बसतो. जी पीडीएफ उतरवून घेतली तीच, जशीच्या तशी, जोडावी.

डिजिलॉकरची जागा टिपणवही घेऊ शकत नाही, याचीही स्पष्ट जाण असावी. डिजिटल लॉकरविषयीच्या २०१६च्या नियमांत पुढे जोडलेल्या ९-अ या नियमानुसार डिजिलॉकरमध्ये संबंधित कार्यालयाने जारी केलेला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. आपण स्वतः तिथे चढवलेल्या स्कॅनला तो दर्जा नाही, आणि टिपणाला जोडलेल्या स्कॅनलाही नाही. म्हणून वाहन परवान्याच्या टिपणात मी फक्त ‘डिजिलॉकरमध्ये जारी आहे, मुदत अमुक’ एवढेच लिहिले आहे. मृत्युपत्राच्या बाबतीत तर आणखी काळजी हवी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मृत्युपत्राला लागू होत नाही. सही आणि दोन साक्षीदार असलेला मूळ कागद हाच खरा, आणि टिपणाने तो कुठे आहे व कोणाला ठाऊक आहे एवढे सांगितले म्हणजे पुरे.

काय ठेवू नये

पासवर्ड, पिन, कार्डाचा सीव्हीव्ही क्रमांक आणि लॉकरचे सांकेतिक आकडे टिपणवहीत लिहू नयेत. त्यांसाठी पासवर्ड सांभाळणारे वेगळे ॲप असते. आधारची पूर्ण प्रत जोडण्याऐवजी शेवटचे चारच अंक दिसणारी झाकलेली प्रत आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून ती सुरक्षित आहे असे मानू नये, कारण तो नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष यांचा बनलेला असतो आणि दोन्ही गोष्टी आपल्या ओळखीच्या कोणालाही माहीत असतात. ज्या फोनवर वही उघडते त्या फोनला कुलूप हवे, आणि ॲपलाही वेगळे हवे. एवढे करूनही ज्यांना एखादा कागद क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, ठेवणे पटत नाही, त्यांनी तो ठेवू नये. त्याचे टिपण तरीही लिहावे.

मुदती

मुदत असलेल्या प्रत्येक टिपणाच्या शीर्षकातच ती तारीख घालावी आणि आठवण मुदतीच्या दिवशीची न लावता कामाला लागणारा वेळ धरून आधीची लावावी. प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षांचा असतो, पण अनेक देशांना प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते, म्हणून त्याची आठवण मी वर्षभर आधीची ठेवतो. आरोग्य विम्याची ३० दिवस आधीची. आणि नूतनीकरण झाल्याबरोबर जुनी पॉलिसी ‘जुने’ या वहीत हलवून नवी जोडायची, हे काम भरणा केल्याच्या दिवशीच करायचे. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी १ नोव्हेंबरची आठवण असावी. वय ८० पूर्ण झालेल्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. जन्म किंवा मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, हे ‘तातडी’च्या टिपणात लिहून ठेवावे, कारण त्या दिवसांत कोणाचे चित्त ठिकाणावर नसते.

घरच्यांच्या हाती

वही वाटून देणे आणि घरच्यांना ती वापरता येणे यांत बरेच अंतर आहे. मी भावाच्या आणि आईच्या फोनवर ॲप घालून दिले, मुख्य पासवर्ड एका लिफाफ्यात लिहून निळ्या फाइलीत ठेवला, आणि वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याच्या आणि दिवाळीच्या आधी, सर्व टिपणे निर्यात करून एका पेनड्राइव्हवर घेतो. तो पेनड्राइव्ह भावाच्या घरी असतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे पुराचे पाणी घरांत शिरले, तेव्हा कपाट आणि संगणक एकाच खोलीत असलेल्यांचे दोन्ही गेले. प्रत दुसऱ्या गावी असावी, निदान दुसऱ्या मजल्यावर तरी.

त्याच दोन दिवसांत एक सराव होतो. मी काही न बोलता बाजूला बसतो आणि आई एक कागद शोधते. पहिल्या वेळी तिला घराचे इंडेक्स टू शोधायला सांगितले होते. तिला टिपण दोन मिनिटांत सापडले, पण लॉकर उघडताना ती थांबली आणि म्हणाली, ‘‘किल्ली आईकडे, असं लिहिलंयस. मी घरी नसले तर?’’ तिच्या सांगण्यावरून त्या ओळीत दुसऱ्या किल्लीची जागाही लिहिली. या दिवाळीला भावाची पाळी आहे आणि त्याला विम्याची पॉलिसी शोधायची आहे.